बापलेकीची वही

क्रीडांगणाच्या फाटकाबाहेर सामना संपल्यावर जी गर्दी रेंगाळते, तिच्याकडे पाहून व्यवहारी माणसें बहुधा हंसतात. दिवसभर उन्हांत बसून खेळ पाहिला, तेवढ्यानें यांचें समाधान झालें नाहीं काय, असें त्यांना वाटतें. परंतु थोड्या बारकाईनें पाहिलें, तर त्या गर्दींत एखादा गृहस्थ एका हातांत पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातांत जेवणाचा रिकामा डबा सांभाळीत भिंतीला टेकून उभा असलेला दिसतो. त्याच्यापुढें दोन पावलांवर त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी असते. तिनें एक लहानशी वही छातीशीं धरलेली असते, आणि टांचा उंचावून ती फाटकाच्या फटींतून आंत पाहत असते. खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या जमविण्याचा छंद तो हाच. तो वरवर दिसतो तितका पोरकट नाहीं. विशेषतः बाप आणि मूल यांनीं मिळून तो पत्करला, तर त्यांत मुलाइतकीच बापाचीही परीक्षा होते.

प्रथम स्वाक्षरी म्हणजे काय, याचाच विचार करावा. कागदावर कोणी आपलें नांव खरडलें, एवढाच तिचा अर्थ घेतला, तर तिची किंमत कवडीचीही नाहीं. खेळाडूचें छायाचित्र दुरून घेतां येतें. त्याच्या पराक्रमाची हकीकत वर्तमानपत्रांत कोणासही वाचतां येते. स्वाक्षरीसाठीं मात्र त्या मनुष्याला क्षणभर थांबावें लागतें, समोरच्या व्यक्तीची वही हातांत घ्यावी लागते, आणि स्वतःच्या हातानें चार अक्षरें लिहावीं लागतात. म्हणजे स्वाक्षरी ही एका भेटीची पोंच होय. पत्रानें मागितलेली स्वाक्षरीही त्याच जातीची. कारण तेथेंही एकानें मनापासून विचारलेलें असतें आणि दुसऱ्यानें उत्तर दिलेलें असतें. भेटच झाली नसेल, तर पोंचेला अर्थ नाहीं. या छंदांतील सारी नीति या एका गोष्टींत सांठविलेली आहे.

मुंबईच्या एका वहीची हकीकत या बाबतींत मोठी बोलकी आहे. १९३३-३४ च्या हिवाळ्यांत डग्लस जार्डिन याच्या नेतृत्वाखालीं एम्. सी. सी. चा संघ हिंदुस्थानांत आला. जार्डिन हा जन्मानें मुंबईचाच. १९०० सालीं तो येथें जन्मला. हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजीं बाँबे जिमखान्याच्या मैदानावर सुरू झाला. त्यांत इंग्लंडच्या व्हॅलेंटाइननें १३६ धावा केल्या, आणि लाला अमरनाथ यांनीं ११८ धावा काढून हिंदुस्थानचें पहिलें कसोटी शतक नोंदविलें. दोघांचाही तो पहिलाच कसोटी सामना होता. याच सामन्यांत विजय मर्चंट हेही प्रथम कसोटी खेळले. त्यांची भगिनी लक्ष्मी हिच्या वहींत जार्डिनच्या संघांतील सोळा जणांच्या स्वाक्षऱ्या एका पानावर होत्या. पुढें ती हीच वही घेऊन गांधीजींकडे गेली. गांधीजींनीं पानें चाळलीं, आणि कोरें पान न घेतां त्या सोळा नांवांखालीं सतरावें नांव म्हणून आपली सही केली!

क्रिकेटशीं गांधीजींचा फारसा स्नेह नव्हता, आणि ज्या राज्याशीं त्यांचा झगडा चालला होता त्याच राज्याचे हे खेळाडू होते. तरी त्यांच्या रांगेंत शेवटीं जाऊन बसण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. थोडी गंमतही वाटली असावी. त्याच संघांत हेडली व्हेरिटी हा यॉर्कशायरचा डावखुरा गोलंदाज होता. दहा वर्षांच्या आंतच तो महायुद्धांत सिसिलीच्या रणांगणावर जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडला, आणि ३१ जुलै १९४३ रोजीं इटलींतील कॅसेर्टा येथें वारला. एका मुलीनें हौसेनें पुढें केलेल्या एका पानावर केवढीं निरनिराळीं आयुष्यें क्षणभर शेजारीं आलीं, हें पाहिलें म्हणजे या छंदाला पोरखेळ म्हणण्याचें धैर्य होत नाहीं.

या छंदांत बापाच्या हातून होणारी पहिली चूक म्हणजे मुलाच्या वतीनें स्वतःच पुढें होणें. मूल बुजतें, गर्दी त्याला मागें लोटते, आणि खेळाडू तर चालता झालेला असतो. बाप उंच असतो, त्याचा हात लांब पोंचतो. तो वही घेऊन गर्दींत घुसतो आणि सही आणून मुलाच्या हातीं ठेवतो. वहींत भर पडते खरी, पण भेट झाली ती बापाची. मुलाच्या वांट्याला आला तो नुसता कागद. "बाबा, तुम्हीच मागा ना," असें मूल पहिल्या दिवशीं हटकून म्हणतें. त्यावर "मी येथेंच उभा आहें, तूंच माग," एवढेंच उत्तर पुरें. अनोळखी मोठ्या माणसासमोर उभें राहून, स्पष्ट शब्दांत आपली इच्छा सांगावयाची, आणि मिळेल तें उत्तर नम्रपणें ऐकावयाचें, हें शिक्षण शाळेंत सहसा मिळत नाहीं. तें मिळण्यासाठीं बापाला दोन पावलें मागें राहावें लागतें. आणि बापाला तेंच फार जड जातें.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. घरांत बापाला कचेरीचें काम असतें, मुलाला शाळेचा अभ्यास असतो, आणि उरलेला वेळ मोबाईल खाऊन टाकतो. फाटकाबाहेरच्या त्या तासाभरांत मात्र दोघांनाही वाट पाहण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. मग बाप बोलूं लागतो. आपल्या लहानपणीं कोण कसा खेळे, कोणत्या सामन्याच्या वेळीं शाळा चुकविली, आजोबा रेडिओशीं कान लावून धांवसंख्या कशी ऐकत, हें सारें त्या भिंतीशीं बाहेर पडतें. मुलगीही शाळेंतील मैत्रिणीशीं झालेलें भांडण तेथेंच सांगते. घरीं विचारलें असतें तर तिनें तें सांगितलें नसतें. कित्येकदां स्वाक्षरी मिळत नाहीं, आणि तरी तो तास फुकट गेला असें दोघांनाही वाटत नाहीं.

या छंदासाठीं मोठ्या सामन्यांचीच वाट पाहिली पाहिजे, असें नाहीं. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे खेळाडू पहारेकऱ्यांच्या रांगेंतून थेट मोटारींत शिरतात. तेथें लहान मुलाचा निभाव लागणें कठीण. परंतु डॉ. कांगा यांच्या नांवानें १९४८ सालीं मुंबईंत सुरू झालेली साखळी स्पर्धा भर पावसाळ्यांत आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क अशा मोकळ्या मैदानांवर खेळली जात आली आहे. सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर हेही तिच्या ओल्या खेळपट्ट्यांवर खेळलेले आहेत. अशा सामन्याला तिकीट नसतें, कीं भिंत नसते. पॅड बांधून झाडाखालीं बसलेला तरुण उद्यां कोण होईल, हें कोणास सांगतां येत नाहीं. आणि ज्याच्याजवळ अद्यापि कोणी स्वाक्षरी मागितलेली नाहीं, तो ती मोठ्या आनंदानें देतो. रणजी करंडकाच्या सामन्यांतही प्रेक्षक थोडे असतात आणि खेळाडूंना सवड असते.

मागण्याचीही एक रीत आहे. खेळाडू फलंदाजीला जाण्याच्या बेतांत असतां, तो जेवत असतां, किंवा आपल्या मुलाबाळांबरोबर असतां त्याला हटकूं नये. वहीचें कोरें पान आधींच उघडून ठेवावें आणि लेखणीचें टोपण काढलेलें असावें. त्याचें नांव ठाऊक असलेंच पाहिजे, सही घेऊन झाल्यावर "हे कोण?" म्हणून शेजाऱ्याला विचारणें हा त्या मनुष्याचा अपमान होय. चलनी नोट पुढें करूं नये. एका पानावर एकच सही घ्यावी आणि एकदां मिळाली कीं पुन्हां मागूं नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नकार मिळाला तरी आभार मानून बाजूला व्हावें. त्या दिवशीं तो खेळाडू शून्यावर बाद झालेला असेल, त्याचा गुडघा दुखत असेल, किंवा घरून वाईट बातमी आलेली असेल. "आज त्यांना बरें वाटत नसेल," असें बाप मुलीला सांगतो, तेव्हां दुसऱ्याच्या मनाचा विचार करण्याचा पहिला धडा ती शिकत असते.

स्वाक्षरी देणाऱ्यांच्याही नाना तऱ्हा असतात. १९३२ सालीं लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्यें हिंदुस्थाननें अमेरिकेला हॉकींत २४ विरुद्ध १ असें हरविलें. त्यांतले दहा गोल रूपसिंगचे आणि आठ त्याचे वडील बंधु ध्यानचंद यांचे. अमेरिकेचा तो एकुलता एक गोल झाला तेव्हां आपला गोलरक्षक रिचर्ड ॲलन हा गोलाच्या मागें जाऊन लोकांना स्वाक्षऱ्या देत होता, अशी आख्यायिका सांगतात. चेंडू आपल्याकडे येण्याचा संभवच नाहीं, तर बिचाऱ्यानें दुसरें काय करावें? ऑस्ट्रेलियाचे सर डोनाल्ड ब्रॅडमन यांची तऱ्हा याहून निराळी. खेळणें सोडल्यावरही कित्येक वर्षें ते ॲडलेडच्या आपल्या घरीं टपालानें आलेल्या पत्रांचे ढीग उपसून उत्तरें लिहीत आणि सह्या करीत. त्यांची सरासरी ९९.९४ राहिली, ही गोष्ट मुलांना तोंडपाठ असते. त्यांनीं आयुष्याचे किती तास परक्या मुलांच्या कागदांना दिले, हेंही त्यांना सांगावें.

मिळालेली स्वाक्षरी जतन करणें हें एक स्वतंत्र काम आहे. ऊन हा शाईचा वैरी. म्हणून स्वाक्षरी चौकटींत घालून खिडकीसमोर टांगूं नये. चिकटपट्टी कांहीं वर्षांनीं पिवळी पडते आणि आपल्याबरोबर कागदालाही डागाळते. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत बुरशी आणि कसर यांचें भय असतें. यासाठीं पावसाळा संपल्यावर वही सांवलींत उघडून तिला वारा द्यावा. आणखी एक काम अवश्य करावें. प्रत्येक स्वाक्षरीखालीं पेन्सिलीनें तारीख, ठिकाण आणि भेटीची एक ओळ लिहून ठेवावी. "शिवाजी पार्क, पाऊस आला म्हणून खेळ थांबला होता, त्यांनीं आपली छत्री आम्हांला दिली." अशी एक ओळ नसेल, तर वीस वर्षांनीं ती सही म्हणजे नुसती वळवळीत रेघ उरते. मूल लहान असतांना ही ओळ बहुधा बापच लिहितो.

आतां या छंदांतील खऱ्या संकटाकडे वळावें. स्वाक्षऱ्यांचा बाजार भरूं लागला आणि बाजार आला तेथें लबाडी आली. नांव लिहिणारीं यंत्रें निघालीं, रबरी शिक्के निघाले, आणि हुबेहूब सही करणारे हातही निघाले. अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्यानें 'ऑपरेशन बुलपेन' या नांवानें केलेल्या तपासांत १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील एक मोठी टोळी उघडकीस आली. त्या चौकशींत सांपडलेल्या मालांत मदर तेरेसा यांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धां होते! ज्या साध्वीनें जन्मांत बॅट धरली नाहीं, तिची सही चेंडूवर घेणारें गिऱ्हाईक मिळतें, यावरून या बाजाराची कल्पना यावी. परंतु असा माल घरांत येतो तो नेहमीं लोभानेंच येतो असें नाहीं. पुष्कळदां तो मायेनें येतो.

आरंभीं भिंतीशीं उभी असलेली बापलेक कल्पनेनें थोडी पुढें न्यावी. त्या मुलीला एका गोलंदाजाचें विलक्षण कौतुक होतें. तीन वेळां ती त्याच्यासाठीं फाटकाशीं उभी राहिली आणि तिन्ही वेळां त्याची मोटार तिच्या देखत निघून गेली. तिसऱ्या खेपेस ती रडली नाहीं. आगगाडींत खिडकीशीं तोंड करून मुकाट्यानें बसली. बापाला तें पाहवेना. चार दिवसांनीं त्यानें एका दुकानांतून त्या गोलंदाजाचें सही असलेलें छायाचित्र विकत घेतलें, लांब पाकिटांत घातलें, आणि "हें बघ, त्यांनीं तुला टपालानें पाठविलें," असें सांगून तिच्या हातीं दिलें. मुलीच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. तिनें तें वहींत लावलें, आणि लगेच आभाराचें पत्र लिहावयास बसली. आपली परीक्षा कधीं आहे, आपल्याला गोलंदाजी शिकावयाची आहे, हें सारें तिनें त्यांत लिहिलें. पत्र टपालांत टाकण्याचें काम अर्थातच बापाकडे आलें. त्याला तें टाकवेना आणि फाडवेना. त्यानें तें कचेरीच्या खणांत ठेवून दिलें.

पुढें वर्षभर ती अधूनमधून विचारी, "उत्तर आलें का हो, बाबा?" आणि बाप म्हणे, "त्यांना फार कामें असतात." एक लहान खोटें सांभाळण्यासाठीं दुसरें सांगावें लागलें, आणि दुसऱ्यासाठीं तिसरें. मग एके दिवशीं एका साध्या सराव सामन्यांत तो गोलंदाज समोर आला. मुलीनें स्वतः पुढें होऊन वही उघडली आणि त्यानें हंसून सही केली. घरीं आल्यावर तिनें दोन्ही सह्या शेजारीं ठेवल्या. अक्षर जुळेना, आद्याक्षराचें वळणच निराळें होतें. तिनें विचारलें, "बाबा, तें त्यांनींच पाठविलें होतें ना?"

या वेळीं आणखी एक थाप मारणें कठीण नव्हतें. माणसाची सही बदलते, असें सांगितलें असतें तरी चाललें असतें. पण बापानें दुसऱ्या दिवशीं कचेरींतून तें पत्र आणलें आणि मुलीपुढें ठेवलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. दोन रविवार ती मैदानावर गेली नाहीं, आणि बापानेंही तिला बोलाविलें नाहीं. तिसऱ्या रविवारीं सकाळीं तिनें वही काढली. बापाला वाटलें, आतां ती तें पान फाडणार. परंतु तिनें पेन्सिल घेतली आणि त्या छायाचित्राखालीं लिहिलें : "ही सही त्यांची नव्हे. बाबांनीं मला वाईट वाटूं नये म्हणून विकत आणली." खालीं तारीख घातली आणि म्हणाली, "चला, उशीर होईल."

त्या दिवसापासून दोघांनीं एक नियम केला. वहींत जें जाईल तें खरें असेल, आणि जेथें भेट नसेल तेथें पान कोरें राहील. कोऱ्या पानाची लाज वाटण्याचें कारण नाहीं. तो गोलंदाज न थांबतां निघून गेला, हीही एक खरीच हकीकत होती. बापानें ती खोटी ठरविण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांत मुलीचा विश्वास गमावण्याची पाळी आली. मुलाला निराशेपासून वांचविण्याचा मोह प्रत्येक बापाला होतो. परंतु निराशा विसरली जाते, आणि फसवणूक विसरली जात नाहीं.

ही दृष्टि आली म्हणजे छंदाची दिशाही बदलते. मग जो सर्वांत प्रसिद्ध त्याच्या मागें धांवण्यापेक्षां, ज्याला भेटण्यासारखें आहे त्याच्याकडे पाय वळतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हां बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढें त्यांनीं पोलिसखात्यांत नोकरी केली, आणि १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. मधल्या वर्षांत वही घेऊन त्यांच्या दारीं जाणाऱ्या मुलाला गर्दींत खचितच उभें राहावें लागलें नसतें! पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनीं १९२६ सालीं एम्. सी. सी. च्या संघाविरुद्ध १४८ धावा केल्या, आणि ते शंभरी ओलांडून १९९३ सालीं वारले. असे वृद्ध खेळाडू गांवोगांवीं असतात. कोणी कबड्डींत नांव काढलेलें असतें, कोणी खो-खोंत. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारतीय महिलांनीं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनीं हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हां त्यांच्याभोवतीं गर्दी झाली. परंतु त्यांच्या आधीं रिकाम्या मैदानांवर खेळून गेलेल्या कितीतरी खेळाडू आज कोणाच्या आजी झाल्या असतील. त्यांच्या दारावर थाप मारून "आपली स्वाक्षरी द्याल का?" असें एखाद्या मुलीनें विचारलें, तर स्वाक्षरीबरोबर चहा मिळतो, आणि चहाबरोबर दोन तासांची हकीकत मिळते.

वही भरत जाते आणि मूल वाढत जातें. एक दिवस मुलीला परगांवीं शिक्षणासाठीं जावें लागतें, आणि वही घरींच कपाटांत राहते. बाप कधींतरी दिवाळीच्या साफसफाईंत ती उघडतो. सह्या तर त्याला पाठ झालेल्या असतात. त्याची नजर खालच्या पेन्सिलीच्या ओळींवर जाते. पहिल्या पानांवर त्याचें स्वतःचें अक्षर असतें. मध्यें त्या विकतच्या छायाचित्राचें पान येतें. आणि तेथून पुढें शेवटपर्यंत सगळ्या ओळी मुलीच्या हातच्या असतात.